भरती उतरेपर्यंत

अंबुजाच्या छातीत स्टेंट बसवून घरी आणलं, त्या दिवसापासून जयतीर्थरावांची झोप उडाली. तिला मात्र गाढ झोप लागायची. हे पहाटे उठून तिच्या नाकाशी बोट धरायचे, श्वास चाललाय ना बघायचे, आणि मग परत पडायचं म्हटलं तरी डोळा लागायचा नाही. मग उठून गच्चीवर येरझारा.

जयतीर्थराव तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, तमिळनाडूच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी कावेरीच्या कालव्यांवर गेली. कुठल्या फाट्याला किती पाणी सोडायचं, कुठली फळी किती उचलायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले आणि त्या रिकाम्या हातांना करमेना. कधी बागेतला नळ सोडव, कधी शेजाऱ्याच्या मोटारीत डोकं घाल, असं चाललं होतं. मग अंबुजाचं दुखणं आलं आणि त्यांना काम मिळालं.

त्यांनी तिला जिना बंद केला. दारात कोलमची रांगोळी काढायला वाकायचं बंद केलं. टाउन बस बंद केली. जिभेखाली ठेवायची गोळी ते आपल्याच शर्टाच्या खिशात ठेवत, कारण अंबुजा पर्स कुठंही विसरते असं त्यांचं मत होतं. दिवसातून कितीदा तरी विचारत, "दुखतंय का?" ती "नाही" म्हणाली की तोंडाकडं बघत राहत. नाडीचा आकडा कोइमतूरला मुलीला, सौम्याला, पाठवत.

अंबुजा कशालाच नाही म्हणाली नाही. फक्त बोलणं कमी कमी होत गेलं. ती मेलवीथी रस्त्याजवळच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, वर्गात तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा म्हणे. आता घरात कुकरची शिट्टीच काय ती मोठ्यानं बोलायची.

एकदा सौम्यानं फोनवर तिला विचारलं, "अम्मा, तुझा वाढदिवस येतोय. तुला काय हवं ते सांग. साडी म्हणू नको."

अंबुजा जरा थांबून म्हणाली, "मज समुद्रातली गुहा बघायची आहे."

जयतीर्थरावांनी पेपर खाली ठेवला.

"हसू नको," अंबुजा फोनवर सांगत होती. "दर वर्षी फळ्यावर काढली ती मी. लाटा खडक कशा पोखरतात, आधी गुहा कशी होते, मग छत कसं कोसळतं. पोरी विचारायच्या, टीचर, तुम्ही बघितलीय का? मी म्हणायची, पुस्तकात बघितलीय."

सौम्याला आईनं काहीतरी मागितलं याचाच इतका आनंद झाला की तिनं आठवड्याभरात सगळं ठरवलं. त्रिचीहून एका ट्रॅव्हलवाल्याची सहल थायलंडला जात होती, त्यात फुकेटजवळच्या समुद्रात बेटांची एक दिवसाची बोटफेरी होती. मोठ्या बोटीतून बेटांपर्यंत जायचं आणि तिथून कनोत, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, बसून गुहांच्या आत. जयतीर्थरावांनी हृदयाच्या डॉक्टरांना तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून पाहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "राव सार, त्यांना खुशाल जाऊ द्या. तुमचं बीपी बघू का जरा?"

*

त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. बोट दुमजली, वर ताडपत्रीचं छत, मागच्या बाजूला रबरी कनो एकावर एक रचून ठेवलेल्या. गाइडचं नाव अनन. कुंभकोणमचे राममूर्ती नावाचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी विजयलक्ष्मी सहलीत होते, त्यांनी त्याचं केव्हाच "आनंद" करून टाकलं होतं आणि तोही ओ देत होता.

जयतीर्थरावांनी बोटीवर चढल्या चढल्या अंबुजाचं लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले, परत सोडून परत बांधले. तिला सावलीत बसवलं. वारा येतो म्हणून जागा बदलायला लावली. मग ऊन येतं म्हणून पुन्हा पहिल्या जागी आणलं.

"आता बसू दे मज," ती म्हणाली.

पाण्यातून एकदम सरळ वर आलेली बेटं दिसू लागली. हिरवी, उभी, वरून झाडांनी माखलेली आणि खाली पाण्याच्या रेषेशी खाऊन बारीक झालेली. अंबुजा कठड्याशी उभी राहिली आणि बोलू लागली. हा चुनखडक. हे पाण्यानं कुरतडलेलं. ती खालची खाच बघा, तिथवर भरती येते. इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. जयतीर्थरावांचं लक्ष तिच्या श्वासाकडं होतं.

एका बेटापाशी बोट थांबली. अननने सांगितलं, "या बेटाच्या पोटात तळं आहे. वरून उघडं. आत जायला एकच वाट, ही गुहा. आत्ता भरती चढते आहे. छत खाली येतं, म्हणजे पाणी वर येतं. कनोत उताणं झोपायचं, हात आत, नाक वर करायचं नाही. पटकन जायचं, पटकन यायचं."

"पाणी जास्त चढलं तर?" जयतीर्थरावांनी विचारलं.

"तर दार बंद. म्हणून पटकन."

जयतीर्थरावांनी अंबुजाकडं पाहिलं. "ऐकलंस ना? तू जायचं नाही. इथूनच दिसतंय सगळं. मी फोटो काढतो."

अंबुजानं गुहेकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि बाकावर बसली. त्यांना वाटलं, पटलं. गोळीची वेळ झाली होती. नेहमीची, जेवणाआधीची. बाटलीतलं पाणी गार होतं म्हणून कोमट पाणी मागायला ते खाली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले. तिथल्या बाईला कोमट म्हणजे काय हे समजावण्यात वेळ गेला. तिनं आधी बर्फ दिला, मग चहा.

ते पेला घेऊन वर आले तर बाकाखाली अंबुजाच्या चपला होत्या.

"मामी गेल्या की!" राममूर्ती म्हणाले. "शेवटच्या कनोत. तुम्ही जाणार नाही म्हणाल्या, म्हणून एकट्याच."

जयतीर्थराव कठड्याशी धावले. कड्याच्या पायथ्याशी पिवळी कनो होती. मागे टक्कल पडलेला, पन्नाशीचा नावाडी वल्हं मारत होता आणि पुढे अंबुजा उताणी पडली होती, तिरडीवर ठेवल्यासारखी सरळ. त्यांनी हाक मारली. तिनं ऐकली की नाही कोण जाणे. कनो काळ्या भोकात शिरली आणि दिसेनाशी झाली.

गोळी त्यांच्या खिशात होती.

*

बाकीच्या कनो परत आल्या. माणसं भिजलेली, हसणारी. विजयलक्ष्मी वर चढत म्हणाल्या, "अय्यो, काय जागा आहे! बाहेर येताना नाक छताला घासलं बघा." मग त्यांनी जयतीर्थरावांचा चेहरा पाहिला आणि बाजूला सरकल्या.

पिवळी कनो आली नव्हती.

अनन घड्याळाकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता. जयतीर्थरावांनी जन्मभर पाण्याकडं बघणारी माणसं पाहिली होती, त्यामुळं ती नजर त्यांना कळली.

"माझी बायको हार्ट पेशंट आहे," ते इंग्रजीत ओरडले. "तुम्ही तिला न विचारता नेलंत कसं?"

"सर, त्यांनीच सांगितलं, जायचं आहे."

"मला विचारायला हवं होतं!"

अनन म्हणाला, "आत धोका नाही. आत तळं आहे, हवा आहे, आकाश आहे. फक्त दार बंद होतंय. पाणी उतरलं की येतील. दीड-दोन तास."

"मला तिथं घेऊन चला."

"सर, आत जाता येणार नाही."

"दारापर्यंत तर न्या! तिची गोळी माझ्याकडं आहे!"

जयतीर्थरावांना पोहता येत नव्हतं. कालव्याच्या काठानं मैलोन्‌मैल चाललेला माणूस, पण पाण्यात गुडघ्यापलीकडं कधी उतरला नव्हता. ते कनोत बसले तेव्हा दोन्ही हातांनी त्यांनी कडा धरून ठेवल्या होत्या. अनन स्वतः वल्हं मारत होता. कड्याच्या सावलीत शिरताच हवा गार झाली. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास आला.

"झोपा सर."

ते उताणे झाले. छत वरून सरकू लागलं, आधी हातभर वर, मग वीतभर. त्याला कालवांची धारदार शिंपली चिकटलेली होती. पाणी हलकं उचललं की छत खाली आल्यासारखं वाटायचं. त्यांना वाटलं आपण इथंच चिणले जाणार. पुढं अंधार होता आणि अंधाराच्या टोकाला उजेडाची एक चपटी फट, पाण्याला टेकलेली. अननने कनो थांबवली.

"इथपर्यंतच."

जयतीर्थरावांनी हात वर करून छताला धरलं, पुढं ढकलायला. तळवा फाटला. तरी त्यांनी धरून ठेवलं आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "अंबुजाऽऽ!"

आवाज दगडातून फिरून परत आला. मग पलीकडून एक शिट्टी वाजली. मग तिचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ.

"ओरडू नका हो. वटवाघळं उठतात."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, उताणे होते म्हणून ते कानांत गेलं. "बाहेर ये!"

"कशी येऊ? वाट बुडाली. लेक म्हणतो, पाणी उतरू द्या."

"कुणाचा लेक?"

"नावाड्याचं नाव लेक आहे!"

"छातीत दुखतंय का?"

जरासा वेळ गेला. पाणी दगडावर चुळुक चुळुक वाजत होतं.

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना. बरी आहे मी."

"गोळी माझ्याकडं राहिलीय!"

"ठाऊक आहे. माझं अस्के तुमच्याकडंच राहिलंय. मन तेवढं घेऊन आलेय." 'सगळं' म्हणायला जुनं, आजीच्या तोंडचं 'अस्के' ती क्वचित वापरायची, रागावली म्हणजे. "त्या लेकाला बोल लावू नका. मीच म्हटलं त्याला, अजून एक फेरी मार. तो नकोच म्हणत होता."

"मी नको म्हटलं होतं! तरी गेलीस कशाला?"

"तुम्हाला विचारलं असतं तर गेले असते का?"

अननला शब्द कळत नव्हते, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो वल्हं पाण्यात रोवून दुसरीकडं बघत राहिला.

"अंबुजा, मी तुझ्या काळजीनं..."

"होय की. आठ महिने तेच. दुखतंय का, दुखतंय का. मी माणूस आहे की तुमचा कालवा? दिवसातून दहादा येऊन पाणी किती बघता. काय बघितलंस, काय आवडलं, असं एकदा तरी विचारलंत?"

छतावरून एक थेंब नेमका त्यांच्या ओठावर पडला. खारट. उजेडाची फट आणखी बारीक झाली होती.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "सांग. काय दिसतंय?"

"चहूकडं उभे कडे आहेत. वर आकाश, विहिरीतून बघावं तसं. झाडं उलटी लोंबतायत. पाणी हिरवं, अगदी पानासारखं हिरवं. आणि अहो, एक माकड काठावर बसून शिंपलं दगडावर..."

पाण्याचा एक फुगवटा आला. फट मिटली. तिचा आवाज अर्ध्यावर तुटला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

"सर, आता मागे," अनन म्हणाला आणि त्यानं त्यांचा हात छतावरून सोडवला.

*

बोटीवर जेवण वाढलं होतं. जयतीर्थराव बसले नाहीत. ते पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जात, तिथून परत येत. विजयलक्ष्मींनी त्यांचा हात धरून बाटलीच्या पाण्यानं धुतला, पर्समधून हळदीची पुडी काढून दाबली आणि आपल्या रुमालानं बांधला. विजयलक्ष्मींची ही मदत त्यांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली.

राममूर्तींना मात्र पुढचं बेट चुकण्याची चिंता होती. "आनंद, आपण तिथं जाऊन परत यायचं का? सगळ्यांनी पैसे भरलेत." आणखी दोघांनी मान डोलावली. जयतीर्थराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते काहीतरी फार वाईट बोलणार होते. पण तोंडातून एवढंच आलं, "माझी बायको आत आहे हो."

राममूर्ती खाली बघू लागले. मग त्यांनी दहीभाताचा डबा पुढं केला. "खा सार. पोटात काही नाही तुमच्या."

त्यांनी घास घेतला नाही. कड्यावर एक कालवांचा पांढरट झुपका होता, त्यावर नजर रोखली. पाणी त्याच्या खाली जाईल तेव्हा उतार लागला असं समजायचं. पाणी झुपक्याला टेकून होतं. वर जाईना, खाली येईना. कालव्यावर असते तर त्यांनी एक फोन केला असता आणि कुठंतरी कुणीतरी चाक फिरवलं असतं. इथं कुणाला फोन करणार? त्यांना सौम्याची आठवण झाली. फोन काढला, नाव समोर आणलं आणि परत खिशात टाकला. सांगणार काय?

मनात भलतंसलतं येत होतं. नाही म्हणण्याआधी ती थांबली होती. का थांबली? ऐकू गेलं नसेल. की श्वास लागला असेल? पुन्हा त्या टोकाला गेले, पुन्हा आले. एकदा तर कठड्यावर पाय टाकून उभे राहिले, तेव्हा बोटीवरच्या एका माणसानं मागून त्यांचं जॅकेट धरलं.

मग केव्हातरी झुपका ओला होऊन चमकत होता आणि पाणी त्याच्या खाली होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. खालीच होतं.

"उतरतंय!" ते एवढ्यानं ओरडले की राममूर्तींच्या हातातला चमचा पडला.

तरी पुष्कळ वेळ लागला. शेवटी काळ्या भोकातून आधी पिवळं टोक आलं, मग अंबुजाचे अनवाणी पाय, मग ती. उजेडात आल्यावर ती उठून बसली. केस ओले, चेहरा फिका, पण डोळे असे की जयतीर्थरावांना तिचं लग्नातलं तोंड आठवलं. बोटीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक नावाचा तो नावाडी मान खाली घालून सगळ्यांना हात जोडत होता.

तिला वर घेताना जयतीर्थरावांनी तिच्या जॅकेटचा पट्टा पकडला आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सोडला नाही. त्यांनी गोळी पुढं केली.

"आता कशाला?" ती म्हणाली. मग त्यांच्या हातावरचा रुमाल तिला दिसला. "हे काय केलंत?" तिनं तो हात मांडीवर घेतला.

*

तंजावूरला आल्यावर जयतीर्थरावांनी मनावर दगड ठेवला. "दुखतंय का" हे शब्द ओठांवर आले की ते उठून बाहेर जायचे. त्यामुळं बाहेर जाण्याच्या खेपा फार वाढल्या. शेजारचे विचारू लागले, राव सार, काही हरवलंय का? संध्याकाळी ते तिला मुद्दाम विचारायचे, "त्या माकडाचं काय झालं?" आणि अंबुजा सांगायची. माकडानं शिंपलं फोडलं कसं, लेकानं तिला चिखलात चालणारा मासा दाखवला कसा. सांगताना तिचा आवाज चढायचा. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं.

महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "मधे काही त्रास?"

"एकदा," अंबुजा म्हणाली. "त्या गुहेच्या आत. डावीकडून दुखलं, हातापर्यंत गेलं. पाचदहा मिनिटं असेल. मग थांबलं."

जयतीर्थराव खुर्चीत वळले.

डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलवर चालवलं. रिपोर्ट वाईट नव्हता. भीतीनंही झालं असेल, हृदयाचंही असेल, डॉक्टर म्हणाले, पण अशी कळ लपवायची नाही. एक गोळी बदलली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर जयतीर्थराव स्कूटरपाशी उभे राहिले, किल्ली लावेनात. बस, ऑटो, दुचाक्या सगळ्या भोंगे वाजवत चालल्या होत्या.

"मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं."

"होय."

"खोटं बोललीस."

"होय." अंबुजानं पदर सावरला. "तुम्ही विचारलंत तेव्हाच दुखत होतं. लेकानं माझा हात धरला होता. भीती वाटत होती, फार. पण मी हो म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी विचार केला. करावा लागला नाही खरं तर. त्या फटीतून, त्या शिंपल्यांखालून त्यांनी पाण्यात उडी घेतली असती.

"तुम्हाला पोहता येत नाही," अंबुजा म्हणाली. "मी आत बसून दुखणं सोसायचं की तुम्ही बुडालात हे सोसायचं? म्हणून नाही म्हटलं."

"आणि नंतर? महिनाभर?"

"नंतर सांगितलं असतं तर तुम्ही परत सुरू केलं असतं. मज ते चार दिवस हवे होते."

त्यांना राग आला होता आणि रागावायला जागा सापडत नव्हती. शेजारच्या दुकानातून तिनं दोन ग्लास मोसंबीचा रस आणला. एक त्यांच्या हातात दिला.

"ऐका," ती म्हणाली. "यापुढं दुखलं तर मी सांगीन. लगेच सांगीन, लपवणार नाही. पण मी सांगितलं नाही तर तुम्ही विचारायचं नाही. आणि गोळी माझ्याकडं द्यायची."

"आणि सांगितलं नाहीस तर?"

"मग तुम्ही माझ्यावर कशाला विश्वास ठेवलात, असं मी वर जाऊन विचारीन."

ते हसले नाहीत. खिशातून गोळ्यांची डबी काढली, क्षणभर हातात धरली आणि तिच्या पर्समध्ये टाकली.

*

तंजावूरजवळच्या पापनाशमला अंबुजाची शाळेतली मैत्रीण धनलक्ष्मी राहायची. घरीच दहावीच्या मुलींची शिकवणी घ्यायची. भूगोल शिकवायला ये म्हणून ती वर्षभर मागं लागली होती. अंबुजा बुधवारी जायला लागली, बसनं, एकटीच. जयतीर्थराव तिला बस स्टँडवर सोडत, बस हलली की घरी येत आणि मग काय करावं हे त्यांना सुचत नसे. पंखे पुसले. मिक्सर उघडून पाहिला, तो चांगला चालत होता, उघडल्यावर बिघडला. फोन मात्र केला नाही.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी दुपारी फोन वाजला.

"मी बोलतेय," अंबुजा म्हणाली. आवाज सावकाश होता. "घाबरू नका. मघाशी जरा दुखलं. गोळी घेतली, बसलेय. आता थांबलंय. सांगीन म्हटलं होतं, म्हणून सांगतेय. डॉक्टरांना फोन केला, ते उद्या सकाळी या म्हणाले, परत दुखलं तर लगेच."

जयतीर्थरावांच्या एका हातात स्कूटरची किल्ली केव्हा आली त्यांना कळलं नाही. दारापर्यंत गेलेले ते थांबले.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

तिकडून मुलींची कुजबुज ऐकू येत होती.

"या," अंबुजा म्हणाली. "पण सावकाश या."

ते सावकाश गेले नाहीत. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कालव्याला पाणी आलेलं, पण त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. वाटेत अय्यमपेट्टैला पुढं बैलगाडी आली तेव्हा त्यांनी असा हॉर्न वाजवला की गाडीवानानं शिवी दिली. धनलक्ष्मीच्या ओसरीवर अंबुजा ताकाचा पेला घेऊन बसली होती. चेहऱ्यावर रंग होता. मुली तिच्याभोवती गोल करून बसल्या होत्या, त्यांनी सरकून जयतीर्थरावांना जागा दिली. ते बसले. त्यांचा श्वास जरा खाली बसल्यावर अंबुजानं आपलं ताक त्यांना दिलं.

"चल, घेऊन जातो," ते म्हणाले.

"स्कूटरवर हादरे बसतात. मी बसनंच येते."

"मग मीही बसनं येतो. स्कूटर राहू दे इथं."

"आणि ती न्यायला उद्या पुन्हा इथवर कोण येणार? तुम्ही मागून या."

ती बसमध्ये मागच्या खिडकीशी बसली. जयतीर्थराव स्कूटरवर बसच्या मागोमाग निघाले. धूर तोंडावर येत होता, धूळ डोळ्यांत जात होती. काचेतून तिचं डोकं दिसत होतं, अंबाड्यातला गजरा दिसत होता. ती एकदा वळली आणि हातानं, जरा अंतर ठेवा, अशी खूण केली. ते मागं राहिले. मग एका वळणावर बसनं जी गती घेतली ती घेतली, आणि ती नाहीशी झाली. त्यांनी स्कूटर पिळली. स्कूटर पळायची तेवढीच पळाली. रेल्वेचं फाटक त्यांच्या तोंडावर बंद झालं आणि मालगाडी एवढी लांब, एवढी संथ की ते स्कूटरवरून उतरले, चढले, परत उतरले. फोन खिशात होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. वाजला तर ऐकू यावा म्हणून फक्त इंजिन बंद केलं.

बस स्टँडवर पोचले तेव्हा दिवे लागले होते. गर्दीत त्यांना ती आधी दिसलीच नाही. मग फुलवाल्या बाईच्या टोपलीशेजारी, खांबाला टेकून, पर्स छातीशी धरून ती उभी दिसली. रस्त्याकडं डोळे लावून. त्यांना बघताच तिच्या तोंडावरचा ताण उतरला आणि मग ती रागावली.

"किती उशीर!" अंबुजा म्हणाली. "कुठं पडलात की काय, जीव नुसता वरखाली होत होता माझा."

जयतीर्थरावांनी फाटकाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण पुन्हा पुन्हा त्यांच्या कोपराकडं, गुडघ्याकडं बघत होती, कुठं खरचटलंय का. मग दोघं ऑटोवाल्याशी भाडं ठरवायला लागले, कारण ती स्कूटरवर बसणार नव्हती, आणि ऑटोच्या पुढं जायचं की मागं यायचं यावरून त्यांचं पुन्हा वाजलं.